शून्याचं तिकीट

आमच्या घरात विरजण विकत आणायची पद्धत नाही. दही संपलं की वाटी घेऊन शेजारणीकडे जायचं, आणि तिचं संपलं की ती आपल्याकडे येणार. त्याचे कोणी आभार मानत नाही, आणि 'घेऊ का?' असं विचारलंच तर समोरच्या बाईला राग येतो. गंगाखेडच्या आमच्या गल्लीत मी वाट्या इकडून तिकडं नेतच मोठी झाले. पुढे कॉम्प्युटरचं शिकले, पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत गेम बनवायच्या नोकरीला लागले, तरी ती सवय अंगातून गेली नाही. इंटरनेटवर लोकांनी लिहून उघड्यावर ठेवलेला कोड मला कायम विरजणासारखाच वाटत आला. लागलं, घेतलं, कालवलं, विषय संपला. एकदा ही सवय माझ्या चांगलीच अंगाशी आली. खरं तर माझ्यापेक्षा माझ्या वडिलांच्या.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. तीस वर्षं ते सरकारी बसवर कंडक्टर होते. नोकरीची तीन वर्षं उरली असताना काचबिंदूनं त्यांची नजर गेली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. दिसायचं बंद झालं याचं दुःख होतंच, पण बसस्टँडवर जायचं बंद झालं हे त्यांना जास्त लागलं. त्यांच्या सोबतीची माणसं बोलवायला यायची, हात धरून नेतो म्हणायची. अप्पा जागचे हलायचे नाहीत.

"जन्मभर मी लोकास्नी हात देऊन चढवलं," ते आईला म्हणायचे. "आता लोकानं मला चढवायचं? नको."

मी पुण्याहून त्यांच्यासाठी पांढरी काठी आणली होती. त्यांनी तिच्यावरचं प्लास्टिक चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "ठेव तिकडं." ती दाराआड उभी राहिली ती राहिलीच. त्यानंतर अप्पा दिवसभर ओसरीतल्या बाजेवर पडून असायचे. रस्त्यावरून बसचा हॉर्न आला की भिंतीकडे तोंड करायचे. हे मला बघवेना, म्हणून मी कंपनीला कळवून टाकलं की यापुढे काम घरूनच करीन. कंपनीनं फारशी खळखळ केली नाही. पगार तोच आणि माझी खुर्ची रिकामी, त्यांना काय वाईट होतं?

तेव्हा आमचा एक नवा गेम चालू होता. बस चालवायचा. डोंगरातल्या, परदेशातल्या रस्त्यांवर बस पळवणारे गेम ढिगानं आहेत. मी म्हटलं, आपल्याकडच्या गाड्या करू. झरीची गाडी, सेलूची गाडी, देवगाव फाट्यावर उभी असलेली गर्दी, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, त्यांची गाठोडी, पातेली, आणि पिशवीतून मान बाहेर काढून बसलेली कोंबडी. कंपनीला ते आवडलं. प्रवाशांचं बोलणं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पण घोडं एका ठिकाणी अडलं. कोण कुठे चढेल, कुठे उतरेल, सोबत काय सामान असेल, हे गेम चालू असताना गेमच ठरवणार. म्हणजे वाक्यंही तेव्हाच तयार होणार. इतकी वाक्यं आधीपासून माणसाकडून बोलून कशी घेणार? पैसे देऊन मिळणारे आवाज नेटवरून यायचे, आणि आमच्याकडचं नेट वारा सुटला तरी जातं. मग मला एक ओपन सोर्स लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, आपल्या कामात जोडून घ्यायचा. हिला लिहिलेलं वाक्य दिलं की ती ते बोलून दाखवायची. मराठीसुद्धा बोलायची. जगभरच्या कुणाकुणाच्या हातून बनलेली, सगळ्यांसाठी उघडी. मी ती घेतली आणि गेमच्या कोडमध्ये कालवून टाकली. तिच्यासोबत आलेला लांबलचक परवाना मी वाचला नाही. विरजणासोबत कोणी कागद देतं का?

दुपारची वेळ होती. मी वाक्यं एकेक करून वाजवून बघत होते. कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली, "मला झरीला जायचं आहे." पण तिनं झरीमधला झ झेंड्यातल्या झ सारखा म्हटला.

बाजेवरून अप्पांचा आवाज आला, "कोन हाय ती?"

"कोणी नाही अप्पा. मशीन हाय."

"तिला झरी म्हनता येईना का? झाड म्हनताना जीभ कशी ठेवते, तशी ठेव म्हनावं."

"मशीनला जीभ नसती अप्पा."

"मग दुरुस्त कर की! झरीचा मानूस हे ऐकून गाडीत बसंल का?"

नजर गेल्यापासूनच्या दोन वर्षांत ते इतकं मोठ्यानं बोलले नव्हते. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. मी लायब्ररीचे उच्चाराचे नियम उघडून बसले. ते असे उघडता येतात, बदलता येतात, हेच तर तिचं मोठेपण. तासाभराची खटपट झाली आणि बाई नीट "झरी" म्हणाली. तेवढ्यात भिंतीला हात लावत लावत अप्पा स्वतःच माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "पुढचं वाजीव."

त्या दिवसापासून आमच्या घरात ड्युटी सुरू झाली. अप्पा सकाळी दाढी करायचे, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कॉम्प्युटरसमोर बसायचे. आई शेजारणीला सांगायची, "हे ड्युटीवर गेलेत." ते एकेक उच्चार तपासायचे, मी नियम बदलायची. मग माझ्या डोक्यात आलं की या गेममध्ये नुसता ड्रायव्हरच का? कंडक्टर का नको? मी कंडक्टरचा खेळ लिहिला. प्रवासी बोलणार, खेळणाऱ्यानं ऐकायचं, तिकीट द्यायचं, थांबा आला की घंटी मारायची. पडद्याकडे बघायची गरजच नाही. कीबोर्डवरची सगळ्यात लांब पट्टी म्हणजे घंटीची दोरी. एकदा दाबली की गाडी थांबणार, दोनदा दाबली की सुटणार.

पहिल्यांदा ती पट्टी दोनदा दाबून गाडी सुटली तेव्हा अप्पांनी दुसरा हात वर धरून ठेवला होता. जुन्या गाड्यांत छताखालून दोरी जायची, तिथे जातो तसा. मी आत जाऊन पाणी प्यायले. रडू येत होतं, आणि त्यांना ते ऐकू गेलं असतं.

कंपनीतल्या साहेबांनाही हा प्रकार पसंत पडला. न बघता खेळता येईल असा गेम मराठीत कुठाय, म्हणाले. जाहिरातीतही तेच पुढे करायचं ठरलं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

गेम बाजारात यायला पंधरा दिवस उरले असताना कंपनीच्या वकीलबाईंचा सगळ्यांना निरोप आला. आपापल्या कामात बाहेरचं काय काय वापरलंय त्याची यादी द्या. मी मोकळ्या मनानं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"या आवाजाच्या लायब्ररीचा परवाना वाचलाय का तुम्ही?"

मी तो परवाना कॉम्प्युटरवर शोधायला लागले.

"त्यात स्पष्ट लिहिलंय. ही घ्या, वापरा, हिच्यावर पैसेही कमवा. पण हिला आपल्या कोडमध्ये मिसळून जे बनवाल ते लोकांना दिलंत, तर त्या सगळ्याचा कोडही याच अटीवर त्यांना द्या. आपला गेम बंद कोडचा आहे. आपण आपला कोड कोणालाही दाखवत नाही."

पाठोपाठ साहेबांचा फोन. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "तो आवाज काढून टाक," ते म्हणाले. "कंडक्टरचा भाग यावेळी नको. पुढे बघू." पुढे बघू म्हणजे काय ते नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई दूध कोमट करून दही लावत होती. तिला सगळं सांगायला लागले. "समज, शेजारणीनं विरजण देताना सांगितलं, याचं जेवढं दही होईल ते कुणालाही न्हाई म्हणायचं न्हाई, आणि कसं लावलं तेही सांगायचं."

"मग त्यात काय झालं? आपन न्हाई म्हनतो व्हय कुनाला?"

"आपण नाही म्हणत आई. कंपनीचं दूध कुलपात आहे."

आईनं चमचा खाली ठेवला. "मग कुलपातल्या दुधात दुसऱ्याचं विरजन कामून घातलंस?"

चमचाभर विरजण पडलं की पातेलंभर दुधाचं दही होतं, त्यातला चमचा परत काढून घेता येत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

अप्पा दारात उभे होते. ते कधी आले ते कळलंच नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी तू विनातिकीट बसलीस," ते म्हणाले.

"अप्पा, ते फुकटच असतं हो."

"फुकट हाय म्हनून काय झालं? पंच्याहत्तरीच्या वरचा म्हातारा गाडीत फुकट जातो का न्हाई? तरी त्याला तिकीट द्यावं लागतं. शून्याचं. मी सोता किती दिलेत. फुकट जायचं ते तिकीट घेऊन जायचं. ज्याची गाडी हाय त्यानं सांगितलेलं पाळायचं."

मी चिडले. चूक आपली असली की मला दुप्पट राग येतो. म्हटलं, तुमच्यासाठीच तर केलं. हे बोलायला नको होतं. अप्पा बाजेवर जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. मी गेम उघडून हाक मारली तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तिकीट न काढलेल्या गाडीत मी चढत न्हाई." तिसऱ्या दिवशीही तेच. गेममधून आवाज काढायला मला एक दिवस पुरला असता, पण हात होईना. काढला की अप्पा कायमचे त्या बाजेवर जाणार हे मला दिसत होतं. माझ्या आळसापायी, एक कागद वाचला नाही एवढ्यापायी. स्वतःचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि पुन्हा वाद घालायला लागले. वाद घालणं मला जमतं.

"अप्पा, ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत असतात की नाही? तसंच हे. आवाज आणि गेम एका गाडीत आहेत. आता त्यांना वेगळं कसं करू?"

"एका गाडीत हायत म्हनून काय एकमेकाच्या मांडीवर बसतेत का?" अप्पा उसळून म्हणाले. "तीस वर्षांत मी ड्रायव्हरच्या केबिनमधी पाय ठिवला न्हाई. त्याचं इष्टेरिंग त्याच्याकडं, माझी तिकिटं माझ्याकडं. तपासनीस आला तर माझं मला इचारनार, त्याचं त्याला. आमच्या दोघात काय होतं? एक दोरी. तेवढ्यावर गाडी चालली की न्हाई?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि कॉम्प्युटरकडे पळाले.

लायब्ररी गेमच्या आत मिसळायची गरजच नव्हती. तिचा एक वेगळा, आपल्या पायावर उभा असलेला प्रोग्रॅम करायचा. गेम आपल्या केबिनमध्ये, आवाज आपल्या जागी. गेमनं फक्त एक वाक्य पलीकडे सरकवायचं, आवाजानं ते बोलायचं. मध्ये बाकी काही नाही. आवाजाच्या प्रोग्रॅमचा सगळा कोड, मी केलेल्या बदलांसकट, सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा. सोबत परवाना. गेम राहील कुलपात.

वकीलबाईंनी मला दीड दिवस टांगणीला लावलं. आवाजाचा प्रोग्रॅम गेमशिवाय एकटा चालतो का? दोघं आतली कुठली गोष्ट वाटून घेतात का? मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून दिलं, आणि यावेळी परवाना तीनदा वाचला. शेवटी त्यांचा फोन आला. "चालेल," त्या म्हणाल्या. एवढंच. मी फोन ठेवला आणि तिथेच फरशीवर बसून मोठ्यानं हसले. आई घाबरून बाहेर आली.

साहेबांनी चार दिवस दिले. माझं काम तीन दिवसांत झालं, पण अप्पांनी तपासायचं बाकी होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "ज्यानं ते केलंय त्याला कळवलंस का?" नव्हतं कळवलं. कळवायची अट नव्हती. तरी मी ती लायब्ररी सांभाळणाऱ्याला पत्र लिहिलं. कुठल्यातरी लांबच्या देशातला माणूस. आमचे उच्चाराचे बदल सोबत पाठवले. तेव्हा कुठे अप्पांनी दाढीचं सामान मागितलं.

पहिल्या फेरीत गडबड झाली. वेगळा प्रोग्रॅम दर वाक्याला नव्यानं सुरू होत होता, त्यामुळे आवाज उशिरा यायचा. अप्पा वैतागले. "गाडी फाट्याच्या पुढं गेली, अन् ही बाई आता म्हनायली थांबवा म्हनून!" मग मी तो प्रोग्रॅम गेमसोबतच सुरू करून कायम जागा ठेवला. बाई वेळेवर बोलायला लागली.

त्या लांबच्या माणसाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. बदल घेतले म्हणाला, यापुढे जो कोणी ही लायब्ररी वापरेल त्याला हे उच्चार मिळतील. शेवटी विचारलं होतं की तपासलं कोणी, नोंदीत लिहायचं आहे. मी उत्तर पाठवलं. अप्पांना यातलं काही सांगितलं नाही.

गेम बाजारात आला त्या दिवशी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. आई पदराला हात पुसत मागे उभी. मी म्हटलं, "करा सुरू."

"आदी तिकीट दाखीव," अप्पा म्हणाले.

मला कळेना. मग लक्षात आलं. गेमच्या सुरुवातीला मी एक पान ठेवलं होतं, कोणाचं काय वापरलंय ते सांगणारं, खाली त्या आवाजाचा परवाना. तेही ऐकता येत होतं. पण परवाना इंग्रजीत, आणि आमची बाई मराठी. ती जे काही इंग्रजी वाचायला लागली ते ऐकून माझं मलाच लाजायला झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अप्पांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी ते ताठ बसून, मांडीवर हात ठेवून ऐकत होते.

"अप्पा, पुरे आता. जगात कोणी हे शेवटपर्यंत ऐकत नाही."

"तू बी ऐकलं न्हाईस, म्हनून तर झालं सगळं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. परवाना संपला. त्याखाली एकच मराठी ओळ होती. त्या लांबच्या माणसाला मी लिहून पाठवलेली, आणि त्याच्याकडच्या नोंदीतही गेलेली. बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "मराठी उच्चारांची तपासणी, निवृत्त कंडक्टर, गंगाखेड."

अप्पांची मान माझ्याकडे वळली. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "कंडक्टर बरोबर म्हनली. गंगाखेड बी." मग चाचपून ती लांब पट्टी शोधली आणि दोनदा दाबली.

ते झरीपर्यंत गेले आणि परत आले. एकही थांबा चुकला नाही. गाडी आगारात लावल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि उठून उभे राहिले.

"माझी काठी कुठाय?"

"कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"स्टँडवर. सांगून येतो जरा त्या लोकास्नी."

काठी दाराआड होती. दोन वर्षांत प्लास्टिकवर धूळ बसली होती. मी ते फाडलं आणि काठी त्यांच्या हातात दिली.